नाताळ, मुंबई आणि आजीचा गुडघा: पहिल्या सहलीचं नियोजन



आपल्या मंडळात प्रवासवर्णनावर चर्चा होते तेव्हा सगळा भर प्रवास झाल्यानंतरच्या लिखाणावर असतो. पण प्रवासाच्या आधीही एक लिखाण असतं. त्यात यादी असते, खाडाखोड असते, क्रम लावणं असतं आणि काय गाळायचं हे ठरवणंही असतं. त्याला आपण साधेपणानं ‘नियोजन’ म्हणतो. या लेखात त्याचाच अभ्यास करू या. उदाहरण आमच्या घरातलंच आहे.

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून मुंबई बघायला जाणार आहोत. आजी, आई, मी आणि नववीतला भाऊ असे चौघं. बाबांना वर्षअखेरीला रजा नाही. आमच्यापैकी कुणीच आजवर मुंबई पाहिलेली नाही. आई दरवर्षी डिसेंबरात केक, करंज्या, दोदोल, कलकल यांच्या ऑर्डरी घेते. दोन वर्षांच्या त्या कमाईतून तिनं २४ हजार रुपये बाजूला ठेवलेत. आजी ७२ वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा दुखतो. तिची मागणी एकच: वांद्र्याच्या मोतमावलीला जायचं. घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण तिच्यासाठी ही सहल बहुधा एकदाच होणार आहे. म्हणून मी नियोजन मनावर घेतलं.

१. तारीख: नाताळ पंचवीसला संपत नाही

‘नाताळात मुंबई’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे २४ आणि २५ डिसेंबर येतात. आमच्या घरी ते शक्यच नव्हतं. २४च्या संध्याकाळपर्यंत आईच्या ऑर्डरी पोचवायच्या असतात. त्या रात्रीच्या मिस्साला मी गायनात असते आणि भाऊ वेदीसेवक. २५ला शेजारीपाजारी फराळाची ताटं जायची असतात. सण सोडून सणाची रोषणाई बघायला जाणं आजीला पटलं नसतंच, मलाही पटत नव्हतं.

इथं चर्चचं कॅलेंडर मदतीला आलं. जे मित्र ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नाताळ हा एका दिवसाचा सण नाही. २५ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंतचे आठ दिवस मिळून एकच सण मानला जातो. पुढे जानेवारीत तीन राजांचा सण येतो. तोवर चर्चमधले आणि घरांतले गोठे मांडलेले असतात, चांदण्या टांगलेल्या असतात. म्हणजे २६ला निघालं तरी नाताळ हुकत नाही. उलट घरचा नाताळ घरी होतो आणि मुंबईचा मुंबईत.

यंदा २५ डिसेंबर गुरुवारी आहे. म्हणून आमचा बेत असा: शुक्रवारी २६ला रात्रीच्या प्रवासाला निघायचं, शनिवारी २७ला सकाळी दादर, रविवार आणि सोमवार मुंबईत, मंगळवारी ३०ला परतीची गाडी. ३१ डिसेंबरला गेटवे आणि मरीन ड्राइव्हला वर्षअखेरची प्रचंड गर्दी होते. गुडघ्याचा विचार करता त्याच्या आधी निघालेलं बरं.

वाराचा विचार तारखेइतकाच महत्त्वाचा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद असते. रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी होतात आणि असतील त्या तुडुंब भरतात. आधी वार लिहून मग त्यापुढे ठिकाणं लिहिली तर निम्मे घोटाळे कागदावरच मिटतात.

२. तिकीट: दोन तारखा, दोन तिकिटं

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं. नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं आहे आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. त्या हिशोबानं २६ डिसेंबरचं आरक्षण २७ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडलं आणि ३० डिसेंबरचं ३१ ऑक्टोबरला. नाताळच्या आठवड्यात गाड्या लवकर भरतात. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लाल पेनानं गोल करून ठेवले होते.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. पण त्या तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. चौघांचं एकत्र तिकीट काढलं की हा कोटा लागू होत नाही. आई ४८ वर्षांची आहे. म्हणून आजी आणि आई यांचं एक तिकीट या कोट्यातून काढलं आणि माझं नि भावाचं दुसरं. यात डबे वेगळे येण्याची शक्यता असते, ती आम्ही मान्य केली. आजीला शिडी चढावी लागू नये हे आमच्या दृष्टीनं जास्त मोलाचं.

राहायला आम्ही दादर निवडलं. बेळगावकडच्या गाड्या तिथं थांबतात, पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथं भेटतात आणि मेट्रोही आहे. राहण्याची जागा प्रेक्षणीय स्थळाजवळ असण्यापेक्षा वाहतुकीच्या नाक्यावर असावी. खोली ठरवताना फोनवर चार प्रश्न विचारा: पहाटे पोचलो तर खोली मिळेल का? लिफ्ट आहे का? संडास कमोडचा आहे का? शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर सामान ठेवता येईल का? घरात वयस्कर माणूस असेल तर यातला तिसरा प्रश्न पहिला विचारावा.

३. यादी गाळताना साहित्याचा उपयोग

घरातल्या प्रत्येकाला मी एकेक कागद दिला आणि मुंबईत काय बघायचं ते लिहायला सांगितलं. एकोणीस नावं जमली. भावाच्या कागदावर पेंग्विन सगळ्यांत वर होते. आईनं ‘समुद्र, बसून’ एवढंच लिहिलं होतं. साडेतीन दिवसांत एकोणीस ठिकाणं म्हणजे नुसती धावपळ. गाळायचं कसं?

मला दोन जुनी पुस्तकं आठवली. पहिलं गोविंद नारायण माडगावकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’. ते १८६३ साली प्रसिद्ध झालं. मुंबई शहरावरचं ते मराठीतलं आद्य पुस्तक. लेखकाचा जन्म १८१५चा, गोव्यातला. दुसरं बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’. ते १८५७चं आणि अनेक अभ्यासक त्याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. पदमनजींचा जन्म आपल्या बेळगावातला, १८३१चा. पुढे ते शिकायला मुंबईला गेले. म्हणजे आपल्या भागातून मुंबईला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला मराठीत चांगलीच मोठी परंपरा आहे!

पहिल्या पुस्तकाच्या सालावरून मी एक चाळणी केली. यादीतलं काय १८६३च्या आधीचं आणि काय नंतरचं? राजाबाई टॉवर १८७८चा. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो ती इमारत १८८८ साली पूर्ण झाली. मोतमावलीच्या चर्चची आजची इमारत १९०४ची. गेटवे ऑफ इंडिया १९२४चा. पोस्टकार्डावरची बहुतेक मुंबई माडगावकरांच्या पुस्तकानंतरची आहे. त्यांच्या काळात जे उभं होतं त्यात फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल येतं. ते १७१८ साली नाताळच्याच दिवशी उपासनेसाठी खुलं झालं. तेव्हा मुंबईला तटबंदी होती, आणि या चर्चकडे जाणारा तटाचा दरवाजा म्हणून ‘चर्चगेट’ हे नाव पडलं. तट १८६०च्या दशकात पाडला गेला, दरवाजाही गेला, नाव मात्र रेल्वे स्टेशनला चिकटून राहिलं. एक जुनं आणि एक नवं अशी जोडी लावून बघितलं की शहराचं वय समजतं. म्हणून पहिल्या दिवसासाठी मी फोर्टमधल्या अशाच जोड्या निवडल्या.

‘यमुनापर्यटन’नं दुसरी कसोटी दिली. नावात पर्यटन असलं तरी यमुनेचा प्रवास इमारती बघण्यासाठी नाही. वाटेत तिला विधवांची दुःखं दिसतात आणि तीच कादंबरीचा विषय होतात. त्यावरून मी एक नियम केला: रोजच्या बेतात एक तरी ठिकाण असं असावं जिथं इमारतीपेक्षा माणसं महत्त्वाची आहेत.

४. नकाशा: दिवसाला एकच भाग

मुंबई उत्तर-दक्षिण लांबट पसरलेली आहे. सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे जातो, संध्याकाळी उत्तरेकडे परततो. यादीतली नावं नकाशावर टिपली की तीन पुंजके दिसतात: फोर्ट-कुलाबा, गिरगाव-भायखळा आणि वांद्रे. एका दिवसात एकाच पुंजक्यात राहायचं, हा दुसरा नियम.

*शनिवार, फोर्ट.* सकाळी विश्रांती आणि अकरानंतर बाहेर. दादरहून भुयारी मेट्रोनं जायचं. ही आरे ते कफ परेड मार्गिका यंदाच्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुरू झाली. स्टेशनांत लिफ्ट आहेत, त्यामुळे आजीला ती लोकलपेक्षा सोयीची. सीएसएमटीची इमारत बाहेरून, मग सेंट थॉमस कॅथेड्रल. एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलला भरपूर पायऱ्या आहेत. १८३३ची ती इमारत समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून बघायची. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि उन्हं उतरल्यावर गेटवे. माणसांचं ठिकाण गेटवेच. तिथं देशभरातून आलेल्या कुटुंबांचे फोटो काढून घेणं बघत बसायचं.

*रविवार, वांद्रे.* या रविवारी, २८ तारखेला, चर्चमध्ये पवित्र कुटुंबाचा सण आहे. आजीच्या मोतमावलीसाठी याहून चांगला दिवस नव्हता. शिवाय मेगाब्लॉक असल्यानं लोकलच्या नादी लागायचंच नाही. दादरहून टॅक्सी थेट टेकडीवर चर्चपर्यंत नेते. खालून पायऱ्याही आहेत, त्या मी आणि भाऊ चढू. मोतमावलीची मोठी जत्रा सप्टेंबरात असते, म्हणून डिसेंबरात निदान त्या गर्दीची धास्ती नाही. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं मिळतात. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं, त्याचं मेण वाहायचं. आजी मेणाचा पाय वाहणार आहे. ज्या गुडघ्यासाठी नवस, त्याच गुडघ्यानं तिथवर पोचायचं असल्यामुळे टॅक्सीचे पैसे मी ‘चैन’मध्ये धरले नाहीत, ‘आवश्यक’मध्ये धरलेत. नंतर हिल रोडवरचं सेंट अँड्र्यूज, ज्याचा इतिहास १५७५पर्यंत मागे जातो, आणि मग बँडस्टँडला समुद्र, बसून.

*सोमवार, गिरगाव आणि भायखळा.* सकाळी गिरगावातली खोताची वाडी. अरुंद गल्ल्या, लाकडी व्हरांड्यांची जुनी घरं आणि नाताळची सजावट. इथली मूळ वस्ती ईस्ट इंडियन समाजाची. हे मुंबई परिसरातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळी ओळख राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली हे नाव घेतलं. ‘तू कॅथलिक, मग मराठी साहित्य कसं काय घेतलंस?’ हा प्रश्न मला पहिल्या वर्षापासून विचारला जातो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण दर वेळी स्वतःचीच ओळख पटवून द्यावी लागते आणि त्याचा कंटाळा येतो. ज्या वाडीत हा प्रश्न कुणाला पडायचंच कारण नाही, ती मला बघायची आहे. एकोणीस नावांतलं माझं म्हणून राखून ठेवलेलं नाव हेच. दुपारी राणीच्या बागेत भावाचे पेंग्विन. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच आवारात आहे, कुणाचे पाय दुखत नसतील तर तेही. संध्याकाळी गिरगाव चौपाटी.

*मंगळवार, रिकामा.* हा दिवस मी मुद्दाम कोरा ठेवलाय. काही राहिलं तर ते बघायला, आजी दमली तर झोपायला, नाहीतर दादरच्या बाजारात फिरायला. पानाला समास सोडतो तसा सहलीलाही सोडावा.

गाळलेल्यांत घारापुरी पहिली. १९८७पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली ही लेणी मला फार बघायची होती. पण बोटीचा तासाभराचा प्रवास आणि वर शंभराहून जास्त पायऱ्या आजीला झेपणार नाहीत. आजीला खाली बसवून आपण वर जायचं, तर ती सहल चौघांची राहत नाही.

५. पैसे आणि प्रवासाचे बारकावे

२४ हजारांची वाटणी अशी केली: रेल्वे ३,५००, तीन रात्रींचं राहणं १०,५००, शहरातला प्रवास ३,०००, खाणंपिणं ४,५०० आणि राखीव २,५००. राखीव रक्कम आईच्या वेगळ्या पाकिटात राहील आणि औषधपाण्याखेरीज तिला हात लावायचा नाही. खरेदीचं खातंच ठेवलेलं नाही. त्यावर भावाची नाराजी अजून चालू आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा आणखी काही गोष्टी:

- रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत. दादर, फोर्ट, गिरगाव इथं काळी-पिवळी टॅक्सी, बस नाहीतर मेट्रो.
- लोकलचा अनुभव घ्यायचाच असेल तर सकाळी ११ ते दुपारी ४च्या दरम्यान आणि रविवार सोडून. फास्ट गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही, चढण्याआधी इंडिकेटर बघा.
- बायकांच्या डब्यात मोठी मुलं चालत नाहीत. आमच्यासारखं नववीतलं मूल बरोबर असेल तर सगळ्यांनी जनरल डब्यात एकत्र बसावं.
- गर्दीत चुकामूक झाली तर कुठं थांबायचं, ते प्रत्येक ठिकाणी पोचल्या पोचल्या ठरवा. आजीच्या पर्समध्ये लॉजचं नाव-पत्ता आणि माझा नंबर लिहिलेला कागद असेल. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

६. चर्च बघायचं की चर्चला जायचं?

नाताळातल्या सहलीत हा प्रश्न येतोच, आणि तो फक्त आम्हा ख्रिस्ती लोकांचा नाही. आमच्या बेतात तीन चर्च आहेत. त्यांपैकी मोतमावलीला आम्ही जाणार आहोत, बाकीची दोन बघणार आहोत. हा फरक मनात स्पष्ट असला की वागणं आपोआप बदलतं. जायचं तिथं मिस्साच्या वेळेआधी पोचायचं, बसायचं, मोबाइल बंद. बघायचं तिथं मिस्साची वेळ टाळून जायचं, हळू बोलायचं, प्रार्थना करणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही. गोठ्यासमोर फोटो काढायला सहसा कुणाची हरकत नसते, तरी विचारलेलं चांगलं. खोताच्या वाडीलाही हाच नियम. ती घरं आहेत, प्रदर्शन नाही. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नये. आपल्या अंगणात अनोळखी माणसानं जसं वागावं असं वाटतं, तसंच तिथं आपण वागायचं.

७. स्वाध्याय

प्रत्येक पाठाला स्वाध्याय असतो, तसा इथंही आहे. तुम्ही कुठल्याही मोठ्या शहरात पहिल्यांदा जाणार असाल, मग ते हैदराबाद असो, इंदूर असो की बडोदा, आधी एका पानावर या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. बरोबरच्यांपैकी सर्वांत हळू चालणारं माणूस कोण? बेत त्याच्या चालीनं आखलाय का?
२. प्रत्येकाच्या यादीतलं निदान एक नाव बेतात आलंय का?
३. कुठल्या वारी काय बंद असतं?
४. त्या शहराबद्दल आपल्या भाषेत कुणी आधी लिहून ठेवलंय? त्यातलं आज काय शिल्लक आहे?
५. कोरा वेळ किती ठेवलाय?

बेत आखताना एक गोष्ट मला जाणवली, ती शेवटी सांगते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीची आपोआप सुचत जातात. आजीचा गुडघा ही अडचण आहे असं धरून मी सुरुवात केली होती. पण त्या गुडघ्यानंच घारापुरी गाळली, दादर निवडलं, मेट्रो सुचवली आणि मंगळवार कोरा ठेवला. तो नसता तर एकोणीसच्या एकोणीस ठिकाणं बेतात राहिली असती आणि आईच्या वाट्याला ‘समुद्र, बसून’ आला नसता.

सर्वांना येणाऱ्या नाताळच्या शुभेच्छा. सुट्टीत कुठं जाणार असाल तर जानेवारीच्या बैठकीला आपापल्या बेताचं पान घेऊन या. प्रवासवर्णन नंतर लिहू, आधी ती पानं एकत्र वाचू.